मोहाखालची चितळं

चंद्रपूरजवळच्या अभयारण्यात वाघ पाहायला निघालो होतो. मिनीबसमध्ये शेजारी एक म्हातारी होती. तिचं गाव याच जंगलात होतं. ते उठवून बाहेर वसवलं होतं. आता ती तिकीट काढून आपलं मोहाचं झाड पाहायला आली होती. त्यांच्यात प्रत्येक घराचे मोह ठरलेले असत. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे.

झाड दिसताच तिने गाडी थांबवायला लावली.

“मले उतरू दे ना, भाऊ. ओंजळभर वेचते.”

“नाई जमत, बाई. वाघ हाये इथी,” ड्रायव्हर म्हणाला.

“आमी राहत होतो तवा का नोता?”

सगळे हसले. मी हसलो नाही, कारण उशीर झाला तर वाघ चुकेल, एवढीच मला काळजी. आजही त्याची लाज वाटते.

झाडाखाली पार रस्त्यापर्यंत फुलांचा सडा पडला होता आणि दोन चितळं वाटेतच तो खात होती. ड्रायव्हर त्यांना हाकलायला हॉर्न वाजवणार, तोच तिने त्याचा हात धरला.

“खाऊ दे त्याइले. आमच्या मागं कोनीतरी तं वेचून राह्यलं.”

चितळं बाजूला झाल्यावर गाडी निघाली. ती मान वळवून पाहत राहिली, आणि गाडी हळू जावी असं मला पहिल्यांदाच वाटलं.