मोहाखालची आरोपी

"काय आरोपी, गुडघे काय म्हणतात?" भाऊचा हा शेवटचा फोन. दुसऱ्या सकाळी त्याच वेळेला फोन वाजला, तो त्याच्या सुनेचा होता... महिना होत आला, त्या वेळेला अजून माझा हात फोनकडे जातो.

सख्ख्या बहिणीला कोणी आरोपी म्हणतं का? भाऊ म्हणायचा, आणि पुराव्यानिशी. तो चोपड्याच्या वर, सातपुड्यात फॉरेस्टर होता. मी तेव्हा अमळनेरच्या कॉलेजात. होळीच्या सुट्टीत त्याच्या क्वार्टरवर गेले. वनस्पतिशास्त्राची दोन पुस्तकं वाचली होती, त्यामुळे जंगल आपल्याला कळतं असा माझा समज. मोह गळायचे दिवस होते. पाचोळ्यात फुलं दिसत नाहीत म्हणून ती वेचणाऱ्या गावातल्या बाया झाडाखालचा पाला पेटवत, आणि त्यातून डोंगरच्या डोंगर जळत. भाऊ रोज खराटा घेऊन निघायचा, स्वतः झाडून दाखवायचा. बाया पदर तोंडाला लावून हसत. त्यांच्यातली म्हातारी झिंगरीबाई तर विचारायची, "हाऊ साहेब शे का कोनी सून शे?" झाडणं सुनेचं काम, साहेबाचं नव्हे, असा तिचा हिशेब.

एका सकाळी त्याने एक झाड माझ्यावर सोपवलं. पाच मिनिटांत माझी कंबर गेली. इकडेतिकडे पाहिलं आणि काडी ओढली. थोडासाच तर पाला! वाऱ्याला माझं शिक्षण ठाऊक नव्हतं. आग नाला ओलांडून भाऊने लावलेल्या रोपांत शिरली. सगळा गाव हिरव्या फांद्यांनी ती झोडपत होता. मी दगडावर बसून रडायचं काम चोख केलं.

संध्याकाळी गार्ड हळूच म्हणाला, "साहेब, कारण अज्ञात लिहा ना."

"अज्ञात कसं? ती आत बसून रडू राहिली."

त्याने अहवालात माझं पूर्ण नाव लिहिलं, पुढे 'सख्खी बहीण', आणि गावासमोर वाचून दाखवलं. माझं लग्न ठरायचं होतं हो! मी भांडले. तो एवढंच म्हणाला, "झिंगरीबाईने पेटवलं असतं, तर अज्ञात लिहिलं असतं का मी?"

दुसऱ्या पहाटे झिंगरीबाई दारात. "तुनी बहीनले सोडं नही, ते आमले काय सोडशी! दे तो खराटा." त्या मोसमात त्या गावात मोहाखाली पुन्हा कोणी काडी ओढली नाही.

परवा जळगावला त्याच्या घरी गेले. अंगणातल्या निंबाखाली महिन्याचा पाला साचला होता. भाऊ तो कधी जाळत नसे, खड्ड्यात पुरायचा. सून काडेपेटी घेऊन आली. "आत्या, पेटवून टाकू?"

खराटा दाराआड त्याच्याच जागी होता, मुठीशी गुळगुळीत झालेला. मी तो उचलला.

"ठेव ती काडेपेटी," म्हटलं, "माझ्यावर आधीच एक गुन्हा शे."

आणि झाडायला लागले.