शेवटले चार

माझा राग आमच्या घरात प्रसिद्ध आहे. सासूबाई म्हणतात, हिच्या नाकावर बसायला माशीसुद्धा घाबरते. त्याची मला कधी लाज वाटली नाही. रागावल्याशिवाय आमच्याकडे बाईचं काम होत नाही, हे मी रेशनच्या दुकानापासून वीज कंपनीच्या खिडकीपर्यंत सगळीकडे पाहिलेलं आहे. पण त्या शुक्रवारी मला जो राग आला, तो काढायला माणूसच मिळेना.

मी आणि माझी धाकटी जाऊ आसेगावात घरी बसून एका परदेशी कंपनीचं काम करायचो. कानाला हेडफोन लावून मराठी बोलणं ऐकायचं आणि जसंच्या तसं टाइप करायचं. टायपिंग मी विहारातल्या संगणकवर्गात शिकले होते, तिला मी शिकवलं. कंपनी पगार स्टेबलकॉइनमध्ये द्यायची. म्हणजे डॉलरच, पण मोबाइलमधला. एका नाण्याचा भाव एक डॉलर, आज वर उद्या खाली असं नाचणं नाही. वाशीमला स्टँडजवळ एक मोबाइलवाला होता. त्याच्या वॉलेटच्या, म्हणजे मोबाइलमधल्या पाकिटाच्या, पत्त्यावर नाणी पाठवली की तो रोख द्यायचा, नाहीतर विजेचं बिल, रिचार्ज, सिलिंडर, जे म्हणाल ते परस्पर भरून टाकायचा. पाठवायचा खर्च चहापेक्षा कमी. ही नाणी संगणकांच्या ज्या जाळ्यावरून जातात, त्या ब्लॉकचेनचं कौतुक मी शेजारणींना असं ऐकवायचे, जशी काही ती माझ्या माहेरची.

जावेचं बँकेत खातं होतं, पण त्याला मोबाइल नंबर माझ्या दिराचा जोडलेला. खात्यात पैसे आले की मेसेज त्याच्या खिशात वाजायचा आणि संध्याकाळपर्यंत त्याला गाडीचा टायर बदलायची आठवण व्हायची. दरवेळी टायर! म्हणून ती पगाराला हातच लावत नव्हती. तिची नाणी माझ्या मोबाइलमधल्या वॉलेटमध्ये माझ्या नाण्यांसोबत पडून असायची. तिला नर्सिंग करायचं होतं. वाशीमच्या एका कॉलेजात तिचा नंबर लागला होता. शनिवारपर्यंत फी भरायची, नाहीतर जागा यादीतल्या पुढच्या मुलीला जाणार. दिरानं आधीच सांगून ठेवलं होतं, "शिकाचं त शिक, पण माह्या खिशाले हात लावू नको." तिनं लावला नाही.

आमच्या भागात कुठलाही नंबर शेवटच्या चार आकड्यांनी ओळखतात. गाडी असो, मोबाइल असो, बाजार समितीची पावती असो. कोणी पहिल्यापासून सांगायला लागला की समोरचा वैतागतो, "शेवटले चार सांग ना बाप्पा!" वॉलेटचा पत्ता म्हणजे तर अक्षरं आणि आकड्यांची वीतभर माळ. ती पूर्ण कोण वाचतं? आधीच्या व्यवहारांच्या यादीतून आम्ही मोबाइलवाल्याचा पत्ता उचलायचो. मी शेवटची चार अक्षरं मोठ्यानं वाचायचे, जावेला ती पाठ होती, ती म्हणायची "बरोबर", आणि मी पाठवायचे.

त्या शुक्रवारी तेच केलं. यादीत सगळ्यात वरचा पत्ता उचलला, चार अक्षरं वाचली, ती म्हणाली "बरोबर". तिची सगळी नाणी गेली, माझी होती तीही गेली. मग नटूनथटून आम्ही वाशीमची एसटी पकडली. तिथून रोख घेऊन थेट कॉलेजात जायचं होतं.

मोबाइलवाला म्हणाला, "काहीच नाही आलं ताई."

मी त्याला भर दुकानात चोर म्हटलं. आणखी बरंच म्हटलं, ते इथं लिहिण्यासारखं नाही. रस्त्यावरचे लोक थांबून बघायला लागले. त्यानं स्वतःचा पत्ता आणि मी नाणी पाठवली तो पत्ता, दोन्ही कागदावर वर-खाली लिहून दाखवले. सुरुवात तीच, शेवट तोच, मधलं सगळं वेगळं. "चोर लोक असा मिळताजुळता पत्ता बनवतात ताई. मंग तुमच्या वॉलेटवर शून्य नाण्याचा व्यवहार करतात, म्हणजे त्यायचा पत्ता यादीत वर येऊन बसते. पाठवाले खर्चच लागत नाही, त हजारो लोकायले करून राह्यले."

खर्चच लागत नाही! ज्या स्वस्ताईचा मी गावभर डंका पिटला, ती चोरालाही तितकीच स्वस्त होती.

"मंग वापस कोण देते? फोन कोणाले करू?"

"कोणालेच नाही. याच्यात मधात कोणी नसते."

हे वाक्य मी आधी शंभरदा ऐकलं होतं, तेव्हा ते गुणगान वाटायचं. मध्ये बँक नाही, साहेब नाही, दलाल नाही. अरे, पण मला हवा होता ना मधला माणूस! बँकेत काच असते, काचेमागे कोणीतरी बसलेलं असतं, त्याच्यावर ओरडता येतं. तो साहेबाकडे पाठवतो, मग साहेबावर ओरडता येतं. इथं माझ्या हातात नुसती हिरवी खूण होती, व्यवहार यशस्वी झाल्याची. पोलिसांनी तक्रार नीट लिहून घेतली, पण पैसे परत मिळतील असं काही सांगता येणार नाही म्हणाले. मी तिथंही आवाज चढवला. जाऊ माझ्या मागे पर्स छातीशी धरून उभी होती.

घरी आलो तर दिराला सगळं कळलेलं होतं. तो हसला. "चला, बरं झालं. आता घरचं तरी पाह्यशीन."

मग मात्र मी काही शिल्लक ठेवलं नाही. टायरपासून सुरुवात केली आणि त्याच्या लग्नातल्या मानपानापर्यंत गेले. सासूबाई मध्ये पडल्या. नवरा मला हाताला धरून आत घेऊन गेला, म्हणाला, "शांत हो, तुले बीपी हाये." शेजारची काकू साखर-पाणी घेऊन आली. शनिवारी मी दिवसभर धुसफुसत होते आणि जो तो मला समजावत होता. पैशाचं काय घेऊन बसली, जीव आहे तर सगळं आहे, असं काहीबाही. फी भरायची वेळ संपली.

रविवारी दुपारी आम्ही दोघी ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. मी पुन्हा त्या चोराचा उद्धार सुरू केला. तो कुठल्या देशात बसला असेल, काय खात असेल, त्याला किडे कसे पडायला पाहिजेत. जावेनं हातातली शेंग खाली ठेवली. आजवर तिनं माझ्यापुढे कधी आवाज चढवला नव्हता, तेव्हाही चढवला नाही.

"ताई, शुक्रवारपासून तुमी ओरडून राह्यल्या, आन् सारं घर तुमालेच समजावून राह्यलं. मले आतापर्यंत कोणी इचारलंही नाही, का बाई, आता तू काय करशीन."

सोललेल्या मुगाचं सुपडं तिनं माझ्याकडे सरकवलं आणि ती आत गेली.

मीही विचारलं नव्हतं.