मार्थाचा उपास

मार्था बाकावरून घसरली तेव्हा पाळकसाहेबांची प्रार्थना चालू होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझे उघडे होते. बंदोबस्ताची सवय.

मी तिला धरलं. अंग घामाने भिजलेलं, हात थरथरत होते, बोलणं दारुड्यासारखं. साखर उतरली होती. परळच्या आमच्या चर्चमध्ये त्या दिवशी तिच्यासाठीच उपास-प्रार्थना होती. तिच्या किडन्या बऱ्या व्हाव्यात म्हणून मंडळी सकाळपासून उपाशी. आणि ही बाई स्वतःही उपाशी. इन्शुलिनचं इंजेक्शन मात्र वेळेवर टोचून घेतलेलं.

मार्था आणि मी एका चर्चच्या आणि एकाच सेक्शनच्या. आम्ही फौजेतल्या नव्हे, होमगार्डच्या. मी चौथी शिकलेली, ती सातवी, म्हणून सेक्शन लीडर ती. लालबागला गणपतीच्या गर्दीत आम्ही दोर धरून उभ्या राहायचो. चक्कर आलेल्या बाईला बाहेर काढायचं, वारा घालायचा, पुन्हा दोर धरायचा. आमच्या कमांडरबाईंची ऑर्डर आली की हलायचं, नाही तर नाही. मार्थाने ती खोड म्हातारपणीही सोडली नाही. डॉक्टरने इंजेक्शन सांगितलं, घेतलं. मंडळीने उपास सांगितला, धरला. दोन ऑर्डरी एकमेकींच्या आड येतात, हे विचारायला हिचं तोंड उघडेल तर शपथ.

मी साखर मागितली. उपासाच्या दिवशी चर्चमध्ये साखर कुठली? चहाचं आधणसुद्धा नव्हतं. एकीने मोठ्याने गाणं सुरू केलं. दुसरी कपाळाला प्रार्थनेचं तेल लावू म्हणाली. समोर टेबलावर प्रभूभोजनाचा द्राक्षरस झाकून ठेवला होता, शेवटी मंडळीला घोट घोट द्यायचा. मी पेला भरून घेतला.

"बाई, अजून त्यावर आशीर्वाद मागितलेला नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"तुम्ही मागा. मी पाजते."

मार्थाने ओठ मिटून घेतले. उपास मोडायचा नाही म्हणे. मग मी परेडचा आवाज काढला.

"मार्था, कमांडरबाईंची ऑर्डर आहे. पी."

कमांडरबाई वारून किती वर्षं झाली होती. पण ती प्याली. घोट घोट, सगळा पेला.

थोड्या वेळाने तिच्या डोळ्यांत ओळख आली.

"सगळ्या माझ्यासाठी उपाशी," ती म्हणाली. "मी एकटी कशी जेवू गं?"

"मग आजारीही त्यांनाच पडू द्यायचं होतंस."

ती हसली. मला हसू आलं नाही. पाळकसाहेब मंडळीला सांगत होते की देवाने प्रार्थना ऐकली. मी वाद घातला नाही. टॅक्सी बोलवा म्हटलं.

पुढच्या उपास-प्रार्थनेला मी डबा घेऊन गेले. चपाती आणि दुधीची भाजी. मागच्या बाकावर बसून आम्ही दोघी सगळ्यांदेखत जेवलो. बायका वळून बघत होत्या. बघू देत. पाळकसाहेबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, मी कशाला जेवते, मला तर काही झालेलं नाही. ती एकटी जेवणार नाही, मी सांगितलं. त्यानंतर दर वेळी डबा नेला. मार्थाने पुन्हा इंजेक्शन घेऊन उपास धरला नाही.

किडन्या काही बऱ्या झाल्या नाहीत. वर्ष पुरं व्हायच्या आत ती इस्पितळात वारली, भर दुपारी.

आमच्या सेक्शनमधली कुसुम गेली, झुबेदा गेली, पार्वती गेली. आता मार्था. मी आहे.