नवव्या परसावरची तांबडी माती

कुठल्याही विहिरीत उतरलं की मामा आधी भिंतीच्या दगडावर तळहात टेकवायचे. आम्ही काही विचारायला तोंड उघडलं की म्हणायचे, "थांबा सर. आदी वळख पटू द्या."

आम्ही थांबायचो. असा माणूस तुम्हीही कुठे ना कुठे पाहिला असेल, ज्याच्यापुढे आपली पदवी खिशातच बरी वाटते.

मी बीडच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवतो. मोबाइल, बॅटऱ्या, विजेच्या मोटारी यांना लागणारी दुर्मिळ खनिजं आपल्याकडे कुठे आहेत, याच्या संशोधनासाठी सरकारनं निधी देऊ केला, तेव्हा आम्हीही अर्ज केला. बालाघाटच्या डोंगरात काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. त्यात काही सापडतं का, हे पाहायचं होतं. मंजुरी आली, पण पहिल्या टप्प्यात खोल बोअर घेण्याइतकी तरतूद नव्हती. मग जमिनीचं पोट उघडं दिसणार ते विहिरींतच. आणि विहिरींचं नाव काढलं की केज तालुक्यात जो तो एकाच म्हाताऱ्याकडे बोट दाखवायचा. सुरुंग लावून विहिरी फोडण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना मामा म्हणत, मीही म्हणू लागलो.

पहिल्या दिवशी त्यांच्या ओट्यावर मी नकाशा पसरला. त्यांना वाचता येत नव्हतं. मी गावाचं नाव घ्यायचो, ते डोळे मिटून सांगायचे.

"तीन परस मुरूम. मंग काळा फत्तर, लई चिवट. सातव्या परसावर तांबडी माती, हातभर. तिच्याखाली भोकाभोकाचा दगड."

परस म्हणजे उभ्या माणसाएवढी खोली. विहिरींच्या मालकांची नावं ते विसरले होते, पण "तिथली बाई शेपूच्या भाजीत लई मीठ घालायची" हे पक्कं लक्षात होतं.

मला खरं वाटेना. ज्या विहिरी आतून बांधून काढलेल्या नव्हत्या, त्यांत आम्ही टेप सोडून मोजलं. फरक निघाला तो वीतभराचा. मी टेप गुंडाळला आणि मामांचे आकडे वहीत उतरवून घेऊ लागलो.

नकाशावर युसूफ वडगावच्या अलीकडे एक जागा मोकळी राहिली. "तिकडं न्हाई खांदली आमी," ते म्हणाले. पहिल्यांदाच त्यांनी डोळे न मिटता उत्तर दिलं.

पहिल्या टप्प्याचं वर्ष संपताना तपासणी समिती येणार होती. एक तरी खोल, आतून न बांधलेली विहीर सलग मोजून दाखवल्याशिवाय पुढचा टप्पा मिळणार नव्हता, आणि आधी मोजलेल्या विहिरींच्या तळाशी पाणी होतं. बोलता बोलता हे मी त्यांना सांगितलं. दोन दिवसांनी ते एसटीनं बीडला आले आणि माझा तास संपेपर्यंत कॉलेजच्या पायरीवर बसून राहिले.

"हाय एक इहीर," ते म्हणाले. "युसूफ वडगावच्या अलीकडं. अर्ध्यातच सोडली, म्हनून बांदली न्हाई."

"का सोडली, मामा?"

"माझा भाऊ गेला तिच्यात. सुरुंगाचा एक बार फुटायचा राहिलता. आमाला वाटलं समदे फुटले."

वैशाखात आम्ही तिथे गेलो. विहीर कोरडी होती. दोरानं खाली सोडायचा यारीचा पाळणा तयार झाला, तेव्हा मी म्हणालो, "तुम्ही वरच थांबा."

"मी न्हाई आलो तर तुमाला काय दिसणार?" असं म्हणून ते पाळण्यात बसलेसुद्धा.

नवव्या परसावर, तळाच्या जवळच, तांबडा पट्टा लागला, कमरेएवढा जाड. वरून उन्हाची एक तिरीप त्यावर पडली होती. मामांनी तो नखानं खरवडला.

"बगा सर. मातीचं वरचं अंग भाजलंय, खालचं कच्चं हाय. मंजी वरचा दगड आला तवा पातळ व्हता, कढीसारका, आन तापलेला. मदी लई वर्सं काय आलंच न्हाई. माती झाली. झाडं बी आसतील. मंग पुन्यांदा उतू गेलं."

हे सगळं मी पुस्तकातून शिकलो होतो. मी विचारलं, "तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"भाऊ म्हनायचा. मी म्हनायचो, खुळा हायेस, दगड कुटं पातळ आसतो व्हय? हितंच भांडलतो आमी त्याच्यावरून." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्याचंच खरं हाय न्हवं?"

"हो मामा. त्यांचंच खरं आहे."

ते पाळण्यातून उतरून विहिरीच्या तळाशी बसले. तांबड्या मातीवर हात ठेवून विचारलं, "किती वर्सं झाली आसतील ह्याला?"

"साडेसहा कोटी."

त्यांनी मान वर करून ती सगळी भिंत पुन्हा एकदा पाहिली. "मंग आमचं भांडान कालचंच," ते म्हणाले. मी मातीचे नमुने पिशव्यांत भरत होतो.

काही महिन्यांनी प्रयोगशाळेचा अहवाल आला. हवी ती मूलद्रव्यं मातीत होती, पण खाण काढावी इतकी नव्हती. मी चाचरतच त्यांना सांगितलं.

"पर हाय न्हवं?"

"आहे."

"आन आमी ती ढिगानं वर फेकीत गेलो," ते म्हणाले आणि स्वतःशीच हसले.

समितीनं ती विहीर पाहिली, माझी वही विहिरींशी ताडून पाहिली आणि दुसरा टप्पा मंजूर केला. आता काम गेवराईच्या बाजूला होतं. मामा खूश झाले. "उमापूरकडं लई खांदल्यात. दिवाळी झाली की बसू."

दिवाळीच्या आधीच ते गेले. मी भेटायला गेलो, तेव्हा मामींनी पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि म्हणाल्या, "उमापूरच्या इहिरी सांगायच्या राहिल्या, म्हनत व्हते. दोन दिवस तेच चाललतं."

पुढच्या महिन्यात मी उमापूरला गेलो. पहिल्याच शेतात विहीर होती. मालक कौतुकानं म्हणाला, केजकडच्या एका माणसानं फोडलेली आहे, कधी आटली नाही. मी वाकून पाहिलं. काठापासून पाण्यापर्यंत सिमेंटच्या कड्या बसवलेल्या होत्या, मागचा दगड कुठेच दिसत नव्हता.