बाबांचा स्वयंपाकाचा कार्यक्रम

बाबा निवृत्त झाल्यापासून गोंडपिपरीच्या आमच्या घरात दुपारभर टीव्हीवर स्वयंपाकाचे कार्यक्रम लागायचे. बाबांनी आयुष्यात कधी चहा केला नव्हता. पण त्यातला एक प्रसिद्ध शेफ त्यांना फार आवडायचा. "पाह्य, तो मानूस कांदा कापतानाबी हासते," असं ते आईला सांगायचे.

एकदा आई अंगणात घसरून पडली आणि तिच्या उजव्या हाताला प्लास्टर चढलं. बाबा म्हणाले, "सैपाक मी करतो."

त्यांनी मीठ, हळद, तिखट, जिरं वेगवेगळ्या वाट्यांत काढलं. वाट्या संपल्यावर पेले घेतले. मग खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "आता आपन वांगं घेऊ."

आईनं विचारलं, "अवो, कोनाले सांगून राह्यले?"

"पाहनाऱ्याईले."

खिडकीबाहेर शेजाऱ्यांची म्हैस उभी होती.

फोडणीचं महत्त्व समजावून होईपर्यंत फोडणी करपली. भाजी आम्ही खाल्ली. भांडी मी घासली.

दुसऱ्या दिवशी आईनं मला स्वयंपाकघरात खुर्ची ठेवायला लावली आणि बाबांच्या समोर बसली. "इकडे पाहून सांगा," ती म्हणाली. बाबा जरा लाजले, पण त्यांनी सांगितलं.

प्लास्टर निघाल्यानंतरही आई बरेच दिवस हात दुखतो म्हणायची. डॉक्टरांना त्यात काही सापडलं नाही.