बाईंचा शनिवार

एस्तेरबाई वळवलीकर यांना मी पहिल्यांदा पाहिले ते कोन गावाजवळ, मिठागराच्या बांधावर. बाई पनवेलला मुलींच्या शाळेत शिकवत. आमच्यासारख्या अनाथ मुलांना एक संस्था आसपासच्या गावांतल्या घरी सांभाळायला देत असे. दर रविवारी या मुलांची विचारपूस करायचे काम बाईंनी आपणहून घेतले होते. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. मिठाच्या राशींवर ऊन पडून डोळे दिपत होते आणि त्या उजेडातून काळी छत्री घेतलेल्या बाई संथपणे चालत आल्या. नाव विचारायच्या आधीच त्यांनी विचारले, "मोठी झालीस की कोणत्या कॉलेजात जाणार?"

मला सांभाळणाऱ्या हिराबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांना मी आये म्हणत असे. आये म्हणाली, "कालेज म्हंजे कंचा गाव, बाई?"

"मुंबईत आहे. लाँचीने जाता येतं."

तेव्हापासून कॉलेज म्हणजे पाण्यापलीकडची एक फार मोठी मिठाची रास, अशी माझी समजूत झाली. झोपेत ती मला दिसे. मी जवळ जाई तशी ती मागे सरके, पण दिसेनाशी कधी झाली नाही.

बाई प्रत्येक मुलाला हाच प्रश्न विचारत. जाणार का, असे त्यांनी कुणालाच विचारले नाही. आमच्यातला काशिनाथ मॅट्रिकला दोनदा नापास झाला, तेव्हा वैतागून म्हणाला, "बाई, मी आता टांगा हाकणार."

"हाक की. पण घोड्याला कॉलेजात घेत नाहीत, तुला एकट्यालाच जावं लागेल."

काशिनाथ हसला आणि पुन्हा परीक्षेला बसला. आज तो पदवीधर आहे.

मी मॅट्रिक झाले तेव्हा बाईंनी घरी मलिदा केला. बाई बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू. त्या लोकांत एलियाहू पैगंबरांचा नवस फेडताना पोहे, खोबरे आणि गूळ यांचा हा प्रसाद करतात. माझ्यासाठी त्या नवस बोलल्या होत्या, हे मला ताट समोर आल्यावर कळले.

पण आये मला पाठवायला तयार नव्हती. तिला मूलबाळ नव्हते, नवरा वारला होता. गावात कुणीही विचारले की ती म्हणे, "सांभालाया घेतलेली पोर हाय." आई हा शब्द ती स्वतःसाठी कधी वापरत नसे. बाईंना ती म्हणाली, "पोर शिकली का जानार. मंग माझा कोन हाय?"

बाईंनी यावर वाद घातला नाही. पुढच्या रविवारी येऊन एवढेच सांगितले, "कॉलेजात भेटायला बोलावलंय. शनिवारी."

"मंग तुमी न्या तिला."

"शनिवारी मी गाडीत, लाँचीत बसत नाही, हिराबाई. आमचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. तुम्हीच न्या. जायचं की नाही, ते तिथे बघून ठरवा."

"तुमचा देव बी नेमका शनवारीच आडवा येतो!"

"माझा देव वेळेचा पक्का आहे," बाई म्हणाल्या.

शुक्रवारी आम्ही आयेच्या माहेरी जासईला मुक्काम केला आणि सकाळी मोरा बंदरातून लाँचीत बसलो. पाणी इतके शांत होते की लाँच चालते आहे असे वाटेना. मुंबईच जवळ येत होती. आयेने मांडीवर मिठाची पुरचुंडी घट्ट धरली होती. रिकाम्या हाताने जायचे नाही, हा तिचा हट्ट.

कॉलेजात प्राचार्यबाईंनी पुरचुंडी दोन्ही हातांनी घेतली आणि विचारले, "आपण हिच्या कोण?"

आयेने डोक्यावरचा पदर सारखा केला. मी जमिनीकडे बघत होते.

"आई हाय मी हिची," ती म्हणाली.

परतताना लाँचीत कुणी विचारले नसताना तिने शेजारच्या कोळणीला सांगितले, "माझी पोर कालेजात जाते." मी दर सुट्टीला घरी आले. पुढे बाईंच्याच शाळेत शिक्षिका झाले आणि आयेजवळ राहिले.

बाईंचे भाऊ देश सोडून इस्रायलला गेले. बाईंनाही बोलावणे येते. "एवढी मुलं मॅट्रिक होऊ देत, मग बघू," असे त्या दर वर्षी म्हणतात, आणि दर वर्षी नवी मुले येतात.

यंदा आये गेली. तो दिवस शनिवार होता. बाई पनवेलहून कोनपर्यंत पायी आल्या, तीच काळी छत्री घेऊन. माझ्याजवळ बसल्या. मग म्हणाल्या, "तेव्हा कॉलेजने कोणत्याही दिवशी या म्हणून कळवलं होतं. शनिवार मी मागून घेतला."

"आयेला माहीत होतं?"

"पुढे मी सांगायला गेले, तर म्हणाल्या, 'मना लाँचीतच समाजला व्हता.'"

बाईंना या वर्षी साठ वर्षे पूर्ण झाली. अजूनही रविवारी बांधावर ती छत्री दिसली की मुले धावत सुटतात. बाईंचे पाय असेच चालते राहोत, दृष्टी अशीच स्वच्छ राहो, आणि त्यांना पुष्कळ पुष्कळ शनिवार लाभोत. त्यांच्या एका शनिवारामुळे मला आई मिळाली.