उटीच्या झाडाला बर्फ

चनबसाप्पाचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. उद्यमनगरातल्या फाउंड्रीतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी वेळ बदलली नव्हती. उठला की आधी गच्चीवर. पायऱ्या एकोणीस. उत्तरेच्या भिंतीशी एक कुंडी होती, तिच्यात उटीचं झाड. लांब, तलवारीसारखी पाती, फूल नाही. ते बघून तो खाली यायचा आणि एका माणसाचा चहा ठेवायचा.

झाड शिवलीलेचं, त्याच्या बायकोचं. चौऱ्याण्णव साली दोघं ट्रिपच्या गाडीनं म्हैसूर-उटीला गेली होती. लग्नानंतर एवढ्या लांब पहिल्यांदाच, आणि शेवटचंही. तिथल्या एका रोपवाटिकेत ऑर्किडला दांडाभर फुलं आली होती. पिवळसर हिरवी, मधल्या पाकळीवर तांबडे ठिपके. शिवलीला तिथंच थबकली. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. शेवटी तिनं तसलंच एक बिनफुलाचं रोप घेतलं आणि मांडीवर धरून कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या खोलीत आणलं.

"ह्याचं पहिलं फूल माझ्या लिंगाला," गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावून ती म्हणाली होती.

तिनं त्या रोपाला लेकरासारखं सांभाळलं. सकाळी तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा झाली, की लिंग धुतलेलं भस्माचं पाणी पायदळी जाऊ नये म्हणून ती कुंडीत घालायची. थंडी पडली की रोज संध्याकाळी कुंडी उचलून आत, शेगडीच्या उबेला. "गारठंल की ते," म्हणायची. पाच हिवाळे गेले. पाती वाढली, दांडा आला नाही. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात ती गेली. लिंगायत रीतीप्रमाणे तिचं लिंग तिच्या तळहातावर ठेवून तिच्याबरोबर रुद्रभूमीच्या मातीत गेलं. झाड तेवढं मागं राहिलं.

चनबसाप्पा तिचं काम पुढं करत राहिला. पूजेचं पाणी कुंडीत, हिवाळ्यात कुंडी घरात. एक दिवस चुकला नाही. पण दोन हजार दोनच्या पावसाळ्यात पाती पिवळी पडायला लागली. त्यानं कुंडी सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि रंकाळ्याकडच्या एका रोपवाटिकेत नेली. तिथला म्हातारा माळी पिराजी. त्यानं कुंडीत बोट घातलं आणि वास घेतला.

"पावणं, राखंत लावलंयसा व्हय ह्याला?"

"भस्म हाय ते. पूजेचं पाणी."

"देवाला चालतंय, ह्याला न्हाय. मुळ्या कुजल्यात बघा. आणि थंडीत कुठं ठेवतासा?"

"घरात. शेगडीजवळ."

पिराजीनं हसू दाबलं नाही. "हे थंडीचं ऑर्किड हाय. रात्रीचं गार लागल्याबिगर दांडा टाकत न्हाई. तुम्ही ह्याला आठ वर्सं गोधडीत गुंडाळून ठेवलंयसा, आणि वर इचारतासा फुलत का न्हाय."

चनबसाप्पानं कुंडी परत कॅरिअरला बांधली. घरी येऊन दोन दिवस त्यानं कुंडीला हात लावला नाही. झाड वाचवायचं तर शिवलीलेच्या हातचं सगळं काढून टाकायला हवं होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं कुंडी उपडी केली. आतला चुरा करडा, चिकट झाला होता. तो त्यानं गटारात टाकला नाही. बादलीत भरून रुद्रभूमीत नेला आणि तिच्या समाधीच्या कडेला पसरला.

पुढचं काम त्याच्या हातातलं होतं. पस्तीस वर्षं तो मोल्डर होता. वाळू ठासून साचा करायचा आणि लोखंडाचा रस ओतण्याआधी सळईनं त्याला भोकं पाडायची. भोकं कमी पडली तर वाफ कोंडते आणि माल फुकट जातो. कुंडीलाही त्यानं तसलीच भोकं पाडली, बुडाला नऊ, बाजूला बारा. विटेचे तुकडे, लाकडी कोळसा, नारळाच्या सोडणाचे काप, सगळं एका मापाचं करून दोनदा धुऊन भरलं. कुजलेल्या मुळ्या कापल्या. त्या हिवाळ्यात कुंडी गच्चीवरच राहिली. नवे कोंब आले, पण दांडा नाही.

"आपल्या गावची थंडी ह्याला पुरत न्हाय," पिराजी म्हणाला. "दसऱ्यापासनं दीड महिना रात्री चांगलं गार मिळालं तर बघा. न्हाईतर उटीलाच जावा ऱ्हायला."

दोन हजार तीनच्या जूनमध्ये मुलगा श्रीशैल पुण्याहून आला. त्यानं फ्लॅट घेतला होता, तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या उन्हाचा. "अप्पा, गुढीपाडव्याला न्यायला येतो. खोली सोडायची. एकटं राहणं पुरे." चनबसाप्पानं मान डोलवली. मुलाचं चुकीचं नव्हतं. पण झाडाला आता एकच हिवाळा उरला होता.

दसऱ्याआधी तो जुन्या फाउंड्रीत गेला. एक ऑर्डर घाईची होती आणि माणसं कमी होती. दीड महिन्याचं काम मिळालं. साठीच्या माणसानं पुन्हा वाळू ठासायची. पहिल्या आठवड्यात खांदे वर उचलेनात. त्यानं कोणाला सांगितलं नाही. सांगायला कोणी नव्हतंच.

सुटी झाली की सायकल बर्फाच्या कारखान्याकडं. पंधरा किलोचा तुकडा, पोत्यात गुंडाळून. एकोणीस पायऱ्या खांद्यावरून. गच्चीवर त्यानं लाकडी खोकं केलं होतं, आतून ओल्या पोत्याचं अस्तर. तळाला भुशात बर्फ, वर फळ्यांवर कुंडी, बर्फाचा थेंबही मुळ्यांना लागणार नाही अशी. खाली घरमालकीण अक्काताई दारात तांदूळ निवडत बसलेली असायची.

"काय हो चनबसाप्पा, लगीन काढलंय काय? रोज बर्फ."

"झाडाला हाय."

"झाडाला? आमच्या फ्रिजमधी सुद्धा एवढा न्हाई होत."

"तुमच्या फ्रिजला फुलं यायची न्हाईत."

अक्काताई हसली आणि सूप आपटत म्हणाली, "शिवलीला असती तर तुमच्याच डोक्यावर ठेवला असता त्यो."

पहाटे साडेचारला तो खोक्यात टांगलेला थर्मामीटर बघायचा. बारा, कधी तेरा. बेचाळीस दिवस. ताप आला त्या दिवशीही बर्फ आला. त्या दिवशी पायऱ्या चढताना तो तीनदा बसला.

डिसेंबरच्या मध्याला एका कोंबाशेजारी दुसरा आला. पानाचा कोंब चपटा असतो. हा गोल होता, पेन्सिलीसारखा. तो रोज बघत राहिला. महाशिवरात्रीला नुसत्या कळ्याच होत्या. आठ दिवसांनी पहाटे वर गेला तेव्हा खालची कळी उघडली होती. पिवळसर हिरवी, तांबडे ठिपके. उजाडेपर्यंत तो शेजारी बसून राहिला.

मग अंघोळ, पूजा. फूल कापून ओल्या फडक्यात ठेवलं आणि चालत रुद्रभूमीत नेलं. त्याच्या स्वतःच्या गळ्यात लिंग होतं, पण तिनं बोललेलं फूल त्याच्या लिंगाचं नव्हतं. समाधीवर, तिचा हात जिथं असेल असं त्याला वाटलं तिथं त्यानं ते ठेवलं. मग चालत घरी परत आला.

पाडव्याला श्रीशैल आला. सामान थोडंच होतं. दांड्यावर सहा फुलं अजून टिकून होती. कुंडी पिराजीकडं द्यायची ठरली होती; पुण्याच्या उन्हात ती जगली नसती.

"अप्पा, अक्काताई सांगत होत्या, तुम्ही परत फाउंड्रीत जात होता. कशाला? आणि त्या पगाराचं काय केलंत? पासबुकात तर काही नाही."

चनबसाप्पानं त्याला गच्चीवर नेलं. खोकं मोडून लाकूड एका बाजूला रचलं होतं. जिथं ते होतं तिथं फरशीवर चौकोनी डाग पडला होता, पाणी झिरपून काळपट झालेला, आणि तिथून मोरीपर्यंत एक ओघळ.

"हितं गेला," तो म्हणाला, आणि कुंडी उचलायला वाकला.